काकांचे जज्जसाहेब

अमेरिका हा देश जन्माला आल्यापासून इथे जेवढे म्हणून न्यायाधीश होऊन गेले, त्या सगळ्यांवर त्यांच्या बायकामुलांनी, कारकुनांनी आणि चरित्रकारांनी मिळून जेवढं प्रेम केलं असेल, त्याच्या दुप्पट प्रेम आमच्या शेजारच्या काकांनी एकट्यानं एका जज्जावर केलं. बरं, हा जज्ज कुणी नामांकित म्हणावा तर तसंही नाही. त्याच्या नावाचा रस्ता नाही, शाळा नाही, पुतळा तर नाहीच. देश कोरा करकरीत असताना जे पहिले काही फेडरल डिस्ट्रिक्ट जज्ज नेमले गेले, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टाचे जिल्हा न्यायाधीश, त्यांतला हा एक. नेमणूक झाली, खुर्चीवर बसला आणि मरेपर्यंत उठला नाही. इतिहासाला त्यात सांगण्यासारखं काही दिसलं नाही. काकांना मात्र तेवढंच सांगायला वीस वर्षं अपुरी पडली.

मी अमेरिकेतल्या या अ‍ॅशबर्न गावी राहायला आलो तेव्हा सामानाचे खोके अजून ट्रकमध्येच होते. शेजारच्या दारातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ हातात पोह्यांची बशी घेऊन आले, बशी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "या. बरं झालं आलात. साहेबांचं कोर्ट पहिल्यांदा भरलं तेव्हा त्यांनाही खुर्ची नव्हती." मला वाटलं, साहेब म्हणजे आमच्या वसाहतीचे अध्यक्ष असतील. पुढचे दोन महिने मी त्या साहेबांना भेटायची वेळ मागत होतो. काका त्यांच्याविषयी बोलायचेच असे, की आत्ता जिन्यावरून उतरतील. "साहेब आज जरा त्रासलेले आहेत, एक गलबत पकडलंय." "साहेबांना थंडी सोसत नाही, पण घोड्यावरून निघालेत." एकदा माझ्या बायकोनं काळजीनं विचारलं, "या वयात घोड्यावरून?" काका म्हणाले, "कोण सांगणार त्यांना, वहिनी." साहेबांना जाऊन दोनशे वर्षं होत आली, हे आम्हाला काकूंकडून कळलं, तेही लोणच्याची बरणी परत करायला गेलो तेव्हा, जाता जाता.

काकूंच्या दिवाणखान्यात साहेबांची तसबीर होती. खरं तर साहेबांचं चित्र जगात कुठेच नाही. पण काकांनी एका गराज सेलमध्ये, म्हणजे कुणीतरी घरचं जुनं सामान विकायला काढलं होतं तिथे, कुठल्याशा जुन्या गोऱ्या गृहस्थाचं तैलचित्र पाहिलं, पांढरा टोप, सरळ नाक, जगावर उपकार केल्यासारखा चेहरा, आणि तिथेच ठरवलं, की साहेब असेच असणार. चित्राला चंदनाचा हार घातला, खाली छोटी समई ठेवली. त्यामुळे घरात नवा आलेला प्रत्येक मराठी माणूस आधी चपला काढायचा आणि मग तसबिरीला नमस्कार करायचा. एकदा पुण्याहून लेकीकडे आलेल्या एक मावशी बराच वेळ त्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. मग काकूंना म्हणाल्या, "डोळे घारे आहेत. कोकणातले का?" काकू काही बोलायच्या आत काका म्हणाले, "पलीकडून आलेलं घराणं आहे. पण आता घरचेच." मावशींनी पर्समधला मोगऱ्याचा सुकलेला गजरा काढून वाहिला. त्या गेल्यावर काकू म्हणाल्या, "माझ्या वडिलांचा फोटो आतल्या खोलीत आहे. तो कुणी विचारत नाही."

काकांचं म्हणणं असं, की कोर्ट म्हणजे इमारत नव्हे. साहेबांचं पहिलं सत्र एका खानावळीच्या वरच्या मजल्यावर भरलं होतं. खाली मटण शिजतंय, वर न्याय. तेव्हा न्याय कुठेही करता येतो, या तत्त्वावर काकांनी आपल्या गराजमध्ये कोर्ट उघडलं. गल्लीतल्या पोरांचं क्रिकेटच्या बॉलवरून भांडण झालं की त्यांना गराजमध्ये बोलावणं जायचं. दोन्ही बाजू इंग्रजीत कडाकडा भांडायच्या, काका मराठीत नोंद घ्यायचे आणि ऐन रंगात आलं असताना काकूंनी भजी तळली म्हणून कामकाज तहकूब व्हायचं. भजी संपेपर्यंत वादी आणि प्रतिवादी एकाच सायकलवरून पसार झालेले असायचे. "साहेबांच्याही निम्म्या खटल्यांत पक्षकार पळून जायचे," काका समाधानानं म्हणायचे. स्वतःविषयी मात्र त्यांना कुठलाच निकाल झटपट देता येत नसे. चहा घेता की कॉफी, असं विचारलं तर "निकाल राखून ठेवतो" म्हणत. मग माझी बायको दोन्ही करायची. ते दोन्ही प्यायचे.

एका गणेशोत्सवात आमच्या मंडळानं काकांना दहा मिनिटं दिली. फॅन्सी ड्रेस आणि महाआरती यांच्या मध्ये. देणाऱ्याला आपण काय करतोय याची कल्पना नव्हती. काकांनी साहेबांचा कॉफीचा खटला काढला. एक गलबत जकात चुकवून आलेलं, वर कांदे, खाली कॉफीची पोती. कप्तान म्हणतो, ही कॉफी माझ्या स्वतःच्या पिण्यासाठी आहे. साहेबांनी ती पोती कोर्टात आणवली, कप्तानाकडे बघितलं आणि विचारलं, "एवढी कॉफी पिणारा माणूस गलबतावर झोपतो कधी?" हा प्रश्न काकांनी स्वतः साहेब होऊन विचारला, मग कप्तान होऊन गप्प राहिले, मग पुन्हा साहेब झाले. दरम्यान स्टेजच्या मागे शिवबा, जिजाऊ आणि एक स्पायडरमॅन एकमेकांच्या खांद्यावर झोपून गेले. सेक्रेटरींनी माईक बंद केला. काकांना तो लागत नव्हताच. शेवटी काकूंनी पहिल्या रांगेतून उठून शांतपणे घंटा वाजवायला सुरुवात केली, आणि लोकांनी जन्मात पहिल्यांदा आरती इतक्या मनापासून म्हटली.

हसू येतं, पण या वेडामागची गोष्ट मला काकूंनी सांगितली तेव्हा मी हसलो नाही. फार वर्षांपूर्वी, काका व्हिसावर होते तेव्हा, त्यांची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की नोकरी एकटी जात नाही. घर, मुलीची शाळा, गाडी, सगळं दाराशी येऊन उभं राहतं. तातडीनं दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. काकांनी हे घरी सांगितलं नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचे आणि दिवसभर कुठेतरी गाडी लावून फोनवर नोकरी शोधायचे. डबा खायला निवांत जागा हवी म्हणून तासाभरावरच्या एका लहान गावातल्या जुन्या चर्चच्या आवारात शिरले. तिथल्या बाकावर बसून पोळीभाजी खाताना समोरच्या थडग्यावरचा मजकूर वाचला. अमुक अमुक, डिस्ट्रिक्ट जज्ज, राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं नेमणूक, वागणूक नीट असेपर्यंत पद कायम. काका घास हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले म्हणे. राष्ट्राध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, नेमणारे मेले, पण या माणसाला कुणी सांगू शकलं नाही, की उद्यापासून येऊ नका. दुसऱ्या दिवशी काका डबा घेऊन पुन्हा तिथेच गेले. पुढे नोकरी लागली, ती गेली, आणखी एक लागली, ग्रीन कार्ड झालं, मुलगी शिकून स्टेट कॉलेजला शिकवायला लागली. पण जे कुणाच्याही हातात नसतं ते ज्याच्या हातात होतं, त्या माणसाला काका सोडू शकले नाहीत.

दर ऑक्टोबरात काका साहेबांची पुण्यतिथी करत. काकू पहाटे शिरा करायच्या, केशर-केळं घालून, आणि काका तो डब्यात घेऊन थडग्यापाशी जायचे. नैवेद्य दाखवायचे, बाकावर बसून साहेबांची कारकीर्द पहिल्यापासून म्हणायचे आणि शिरा खाऊन परत यायचे. एका वर्षी मात्र शिरा झाला नाही. आदल्या आठवड्यात माझ्या मुलीनं शाळेतला प्रोजेक्ट करता करता त्यांना विचारलं होतं, "काका, तुमच्या जज्जचे स्लेव्ह्ज होते का?" काका म्हणाले, "होते, बेटा." त्यांना ठाऊक होतं, आम्ही कुणी विचारलं नव्हतं एवढंच. त्या वर्षी त्यांनी डब्यात नुसता आळणी भात नेला. "साहेबांना वर्षभर गोड बंद," म्हणाले. शिक्षा फार हलकी होती हे त्यांनाही कळत होतं, पण त्यांच्या अधिकारात तेवढीच होती. त्यानंतर साहेबांची गोष्ट ते जिथे जिथे सांगत, तिथे आवाज न चढवता हेही सांगत.

आता काकूंचं सांगतो. काकू नागपूरच्या. त्यांची आई तिथे एकटी, नव्वदीला टेकलेली, सोबतीला कामाच्या बाई. काकूंना वर्ष-दोन वर्षं आईजवळ जाऊन राहायचं होतं. पण ग्रीन कार्डावर असलेला माणूस एवढा काळ देशाबाहेर राहिला तर कार्डच धोक्यात येतं, आणि मुलगी तर इथे. नागरिक झालं की हवं तितकं राहा, हवं तेव्हा परत या. "माहेरी जाऊन राहायचं तर आधी अमेरिकन व्हायचं," काकू म्हणायच्या, "या देशाचं सगळं उलटंच." दोघांनी अर्ज केला. मुलाखती झाल्या. काकू पाच मिनिटांत बाहेर आल्या. काकांना अधिकाऱ्यानं देशातलं सर्वांत मोठं कोर्ट कोणतं एवढंच विचारलं होतं. काकांनी ते सांगितलं आणि मग सर्वांत लहान फेडरल कोर्टाविषयी सांगायला घेतलं. तरीही पास झाले. आता फक्त शपथ उरली होती, आणि शपथेचं बोलावणं आलं. एका सरकारी ऑफिसच्या हॉलमध्ये, कुणा अधिकाऱ्यासमोर.

काका बिथरले. "शपथ घेईन तर डिस्ट्रिक्ट जज्जासमोर. कोर्टात. साहेबांनी स्वतः लोकांना शपथा दिल्यात, गलबतांच्या दोन खटल्यांच्या मध्ये. आणि मी काय, लायसन्स काढतात तशा हॉलमध्ये हात वर करू?" कधी कधी अशा शपथा खरंच कोर्टात जज्जासमोर होतात, त्यामुळे त्यांना बळ आलं. आपल्याला तारीख कोर्टातली द्यावी, असं कळवून त्यांनी बोलावणं परत पाठवलं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही तुमची घेऊन टाका." काकू म्हणाल्या, "लग्नात एकत्र उभे राहिलो, आता देश बदलताना वेगळे कशाला उभे राहू? आणि मी गेले की हे इथे बसतील जज्जाची वाट बघत. कुकरची शिट्टी कोण मोजेल?"

उन्हाळा गेला, उत्तर आलं नाही. मध्ये नागपूरच्या आजी न्हाणीघरात पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. रविवारी सकाळी काकू फोन लावायच्या. आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच, त्यामुळे आजींचा आवाज आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा यायचा. ऐकू कमी येत असल्यानं त्या ओरडूनच बोलायच्या, आणि बोलायच्या एकच. "केव्हा येतेस?" काकू काय सांगायच्या ते ऐकू यायचं नाही. मग बराच वेळ नळ सुरू असायचा.

ऑक्टोबर आला. काकूंनी शिरा केला. त्या वर्षी काकांच्या गुडघ्यानं संप पुकारल्यामुळे गाडी मी चालवत होतो, आणि काकू पहिल्यांदाच सोबत आल्या. गावाभोवतीच्या डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या भिंती संपल्या, झाडं सुरू झाली, सगळी लालपिवळी. थडग्यापाशी काकांनी डबा उघडला, हात जोडले आणि कारकीर्द म्हणायला लागले. कुठे जन्म, कुठे वकिली, नेमणूक, खानावळ, गलबतं. "शेवटची काही वर्षं साहेबांना ऐकू येत नव्हतं, वकील ओरडून थकायचे, पण खुर्ची सोडली नाही. सबंध हयातीत एकही सत्र चुकवलं नाही." इथे काका नेहमी थांबतात, श्रोत्यांनी भारावून जायचं असतं.

काकू म्हणाल्या, "बायको होती का हो तुमच्या साहेबांना?"

"होती ना."

"नाव काय तिचं?"

काका खाकरले. वकिलाला आपली फाइल घरी राहिल्याचं ऐन कोर्टात कळावं, तसे दिसले. "ते… बघायला पाहिजे. दगडावर आहे, आणि त्याची पत्नी, असं."

"आणि त्याची पत्नी, एवढंच?"

"खाली गवत आहे."

काकूंनी डब्यातला डाव घेतला. पदर खोचला, थडग्यापाशी गुडघ्यांवर बसल्या आणि डावानं गवत खणायला लागल्या. मी पुढे झालो तर हातानंच मला थांबवलं. दगडाचा पाय बराच जमिनीत गेला होता. वर साहेबांच्या पदव्यांच्या कितीतरी ओळी कोरलेल्या, खाली 'आणि त्याची पत्नी', आणि मातीखाली, शेवाळ खरवडल्यावर, एकच शब्द. हॅना. काकूंनी तो बोटानं पुसला.

"हिला कुठे जायचं असेल माहेरी," काकू म्हणाल्या, "तर हे म्हणत असतील, एवढं सत्र होऊ दे." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "इतकी वर्षं येताय तुम्ही इथे. एकदा वाकला असतात तर नाव कळलं असतं." मग त्यांनी डाव पुसला, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "आई दर रविवारी विचारते, केव्हा येतेस. मी सांगते, यांना जज्ज मिळाला की."

परत येताना काका एक अक्षर बोलले नाहीत. वीस वर्षांत एवढी शांतता मी त्यांच्या शेजारी कधी अनुभवली नव्हती. अ‍ॅशबर्नच्या पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते काचेकडे बघत म्हणाले, "उद्या फोन करून सांगतो. जिथे बोलावतील तिथे जाऊ." सिग्नल हिरवा झाला. थोड्या वेळानं, अपिलाची शक्यता संपावी म्हणून जणू, पुढे म्हणाले, "साहेबांचं पहिलं कोर्ट तरी कुठे कोर्टात होतं. खानावळीतच होतं ना." मागच्या सीटवरून काकूंनी त्यांच्या खांद्यावर शिऱ्याचा डबा टेकवला. "खा," म्हणाल्या. "सकाळपासून पोटात काही नाही."

शपथेला मी गेलो होतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, घडीचं टेबल, कागदी झेंडे, आणि सर्दीनं नाक लाल झालेली एक तरुण अधिकारी. काकूंनी इरकली नेसली होती. काका कोटात. हॉलमध्ये नाना देशांची माणसं होती, पण हात वर करून म्हणायची वेळ आली तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज काकांचा होता. ती पोरगी एकदा शिंकली, तर तेही थांबले. समारंभ संपल्यावर काका तडक तिच्याकडे गेले. मी आणि काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. आता पहिलं सत्र, खानावळ, गलबत, कॉफी, सगळं निघणार. काका तिच्यापुढे किंचित वाकले आणि म्हणाले, "थँक यू, युअर ऑनर." ती हसली, म्हणाली, "सर, मी जज्ज नाही." काका म्हणाले, "टुडे, यू आर." आणि परत आले. एवढंच.

आता काका-काकू नागपूरला आहेत. आजी आहेत, आणि लेकीच्या हातचं जेवतात. काका त्यांच्या पलंगापाशी खुर्ची घेऊन बसतात आणि रोज दुपारी साहेबांची कारकीर्द सांगतात. आजींना एक अक्षर ऐकू येत नाही. त्या अधूनमधून मान हलवतात. काकू म्हणतात, इतकी वर्षं हे असाच श्रोता शोधत होते. शेजारच्या घरात भाडेकरू आलेत, हैदराबादचे, फार सज्जन माणसं, पण सज्जन म्हणजे काय, चहा विचारला तर चहा म्हणतात, कॉफी विचारली तर कॉफी. भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही. तसबीर जाताना काकांनी माझ्याकडे ठेवली. परवा माझ्या मुलीचा एक मित्र आला होता, मराठीच, तो बूट काढून नमस्कार करून बसला.

या ऑक्टोबरात पुण्यतिथीच्या सकाळी काकांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडे संध्याकाळ झाली होती. मागे आजींची मान हलताना दिसत होती.

"शिरा केलात?"

"बायकोनं केलाय. केळं घालून."

"डाव घेतलात?"

"घेतला."

"नैवेद्य आधी हॅनाबाईंना दाखवा. साहेबांचं मागून. त्यांना काय घाई आहे, त्यांना कोण काढतंय."

मी एकटाच गेलो. चर्चचं आवार रिकामं होतं, बाकावर पानं पडली होती. साहेबांच्या सगळ्या ओळी लांबूनही वाचता येत होत्या. खाली गवत पुन्हा वाढलं होतं. मी डबा बाकावर ठेवला, डाव घेतला आणि वाकलो.